जुनी शिडाची बोट सफरीसाठी दुरुस्त करताना : काम वाढते कुठे आणि थांबवायचे कुठे

प्रश्नाचा आशय असा आहे : सुमारे चाळीस वर्षांपूर्वी बांधलेली, दहा मीटर लांबीची फायबरग्लासची शिडाची बोट लांब पल्ल्याच्या सफरीसाठी विकत घेतली. पाहणी अहवालात ‘किरकोळ’ म्हणून नोंदलेल्या कामांपासून सुरुवात केली. आता दोन हंगाम उलटले, खर्च अंदाजाच्या दुपटीवर गेला, बोट अजून जमिनीवरच उभी आहे आणि कामांची यादी पहिल्या दिवसापेक्षा लांब झाली आहे. बोटच खराब निघाली की कामाची पद्धत चुकते आहे, आणि निघण्यापूर्वी नेमके किती काम पुरे म्हणायचे, हे विचारले आहे.

दिलेल्या तपशिलांवरून बोट खराब आहे असे मला वाटत नाही. गळणाऱ्या चेनप्लेट, काही ठिकाणी ओला लागणारा डेक, जाम झालेले सीकॉक (तळातल्या भोकांवरच्या झडपा), काळवंडलेल्या वायरी आणि कशीबशी सुरू होणारे इंजिन, यांतली एकही गोष्ट त्या वयाच्या बोटीत नवलाची नाही. चूक होते आहे ती अंदाजात आणि क्रमात. कामाचा अंदाज दुरुस्तीवरून बांधला जातो आहे, जेव्हा खरा वेळ त्या दुरुस्तीपर्यंत पोहोचण्यात जातो. आणि कामे हाताला येतील तशी घेतली जात आहेत, त्यामुळे एकाच जागेची उकल दोनदा-तीनदा होते आहे.

चेनप्लेटचेच उदाहरण घेऊ, कारण आपल्या यादीतली निम्मी कामे तिथूनच निघालेली दिसतात. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा खाली ज्या स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्यांना अडकवलेल्या असतात, त्या पट्ट्या, म्हणजेच चेनप्लेट, डेकमधल्या चिरेतून आत उतरतात आणि आतल्या बल्कहेडला (बोटीतल्या आडव्या भिंतीला) बोल्टांनी आवळलेल्या असतात. पाऊस झाला की कपाटाच्या आतल्या बाजूला तपकिरी ओघळ दिसतो, यादीत ‘चेनप्लेटचे सीलंट बदलणे’ अशी नोंद होते आणि तिच्यापुढे एका दुपारचा अंदाज लिहिला जातो. प्रत्यक्ष हात घातल्यावर कळते की नट कपाटाच्या मागे आहेत, आणि कपाट डेक बसवण्यापूर्वीच बांधलेले असल्यामुळे ते कापल्याशिवाय पाना आत जाणार नाही. पाना लागला की दोन-तीन वेढ्यांनंतर स्टेनलेसचे आटे एकमेकांत रुततात आणि नट पुढेही जात नाही, मागेही येत नाही. मग बोल्ट कापावा लागतो. तार सोडायची तर डोलकाठीला आधी हॅलयार्डने (शीड वर ओढायच्या दोराने) तात्पुरता ताण द्यावा लागतो. एवढे करून पट्टी बाहेर येते तेव्हा तिचा वरचा आणि खालचा भाग चकचकीत असतो, आणि डेकच्या जाडीत लपलेल्या बोटभर भागात मात्र तपकिरी खड्डे आणि काठाकडून आत शिरलेली बारीक चीर दिसते.

ही चीर नेमकी तिथेच का पडते, हे समजून घेतले तर पुढचे बरेच निर्णय सोपे होतात. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्याच्या पृष्ठभागावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरामुळे, आणि हा थर ओरखडा पडल्यावर पुन्हा तयार होण्यासाठी हवेतला किंवा पाण्यातला ऑक्सिजन लागतो. सीलंटखाली अडकलेल्या साचलेल्या खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन उरत नाही, क्लोराइड मात्र भरपूर असते, आणि धातू आतून खाल्ला जातो. म्हणून स्टेनलेसची जी जागा डोळ्यांना दिसते ती बहुधा ठीक असते आणि जी दिसत नाही तिचाच संशय धरावा लागतो. ३१६ प्रतीचे स्टील ३०४ पेक्षा यात उजवे असले, तरी या कारणापासून तेही सुटलेले नाही. शंका असेल तर रंगद्रव्य वापरून पृष्ठभागावरच्या चिरा शोधण्याची डाय पेनिट्रंट चाचणी करता येते. पण एवढी उकल केल्यावर जुनीच पट्टी पुन्हा बसवणे मला कधीच शहाणपणाचे वाटलेले नाही. पट्टीचा खर्च उकलण्याच्या श्रमापुढे नगण्य असतो.

पट्टी निघाली की डेकमधली चीर उघडी पडते आणि तिच्या कडेला हात लावताच ओलसर भुसा हाताला लागतो. म्हणजे ‘सीलंट बदलणे’ या एका ओळीखाली सुतारकाम, रिगिंग (डोलकाठीच्या तारांचे काम) आणि डेकचा गाभा (त्याच्या दोन थरांमधले लाकूड) अशी तीन कामे दडलेली होती. यावरून माझा ठोकताळा असा आहे की यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे दुरुस्तीचे वर्णन लिहिण्याआधी, ‘इथे पोहोचण्यासाठी काय काय काढावे लागेल’ हे लिहावे. तसे लिहिले की कोणती कामे एकाच उकलीत उरकतात हे आपोआप दिसते : कपाट कापले आहे तोवर त्यामागची वायर, नळी, डेकवरच्या फिटिंगचे नट आणि बल्कहेडचा डेकशी असलेला जोड, सगळे त्याच वेळी पाहून घ्यायचे. आणि परत बसवताना कपाट असे बसवायचे की पुढच्या वेळी चार स्क्रू काढून ते निघेल. बोट बांधणाऱ्याने केले नाही ते आपण करावे.

आता क्रमाकडे वळतो. केबिनमधले वार्निश, गाद्या, नवे प्लॉटर (नकाशा दाखवणारे यंत्र) ही कामे आधी हातात घेतली जातात, कारण ती कोरड्या जागेत होतात, ठरल्या वेळेत संपतात आणि संपल्यावर दिसतात. त्यात गैर काही नाही, पण गळक्या डेकखाली केलेले वार्निश पुन्हा करावे लागते. सफरीला निघणाऱ्या बोटीत पहिला प्रश्न पाणी बाहेर राहते का हा, दुसरा डोलकाठी उभी राहील का, तिसरा सुकाणू फिरेल का, चौथा आग लागण्याचे कारण बोटीत आहे का, आणि त्यानंतर इंजिन. यांपैकी एखाद्याचे उत्तर ‘माहीत नाही’ असे असेल तोवर बाकीच्या यादीकडे पाहू नये. ‘बिघडलेले आहे’ यापेक्षा ‘माहीत नाही’ हे उत्तर अधिक धोक्याचे असते, कारण बिघडलेल्या गोष्टीसाठी निदान वेळ राखून ठेवलेला असतो.

पाण्याच्या प्रश्नात पहिला मान सीकॉकचा. पाण्याच्या रेषेखाली अर्धा मीटर खोलीवर ३८ मिलिमीटर व्यासाची नळी निसटली, तर साध्या गणिताने मिनिटाला सुमारे १३० लिटर पाणी आत येते. ताशी ३,८०० लिटर असे वेष्टनावर छापलेला बिल्ज पंप (बिल्ज म्हणजे पाणी साचते तो बोटीचा आतला तळ) मिनिटाला ६३ लिटर उपसतो, आणि तेही पाणी वर चढवायची उंची आणि नळीतला अडथळा हिशेबात न धरता. त्यामुळे पंप वाढवण्यापेक्षा भोके कमी करणे केव्हाही चांगले. वापरात नसलेले प्रत्येक थ्रू-हल (बोटीच्या अंगातून आरपार बसवलेली फिटिंग) काढून, तिरक्या कडा करून, आतून-बाहेरून काचेच्या कापडाने कायमचे बुजवावे. राहतील त्यांचा धातू ओळखावा. साध्या पितळात सुमारे ४० टक्के जस्त असते, आणि खाऱ्या पाण्यात ते जस्त हळूहळू निघून जाऊन मागे गुलाबीसर, ठिसूळ तांबे उरते. फिटिंगचा आकार तोच राहतो, ताकद जाते. चाकूच्या टोकाने खरवडल्यावर पिवळ्याऐवजी गुलाबी छटा दिसली तर दुसरा पुरावा शोधत बसू नये. कांस्याचे, जस्त निघून जाण्यास विरोध करणाऱ्या खास पितळाचे किंवा काचतंतू मिसळलेल्या प्लास्टिकचे सीकॉक वापरावेत. ‘आधीच्या मालकाने अलीकडेच बदलले आहेत’ या वाक्यावर विसंबू नये, कारण साध्या पितळाची फिटिंग बोटींसाठी म्हणून सर्रास विकली गेली आहेत. १९९४ च्या आयएसओ ९०९३-१ या मानकात गंजरोधक धातूची कसोटीच पाच वर्षांच्या वापरापुरती ठेवलेली होती. चाक फिरवून उघडायचे गेट व्हॉल्व्ह आढळले तर ते न तपासताच काढावेत; ते बंद झाले की नाही हे बाहेरून कळतच नाही.

कीलबद्दल (बोटीच्या तळाखालच्या जड पात्याबद्दल) आपण काहीच लिहिलेले नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. मे २०१४ मध्ये अँटिग्वाहून इंग्लंडकडे परतणारी ‘चीकी राफिकी’ ही बोट अटलांटिकमध्ये कील निखळून उलटली आणि तिच्यावरचे चौघेही गेले. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेने आपल्या अहवालात, आधी जमिनीला टेकल्याच्या प्रसंगांनी हल (बोटीचे बाहेरचे अंग) आणि आतली मजबुतीची जाळी यांच्यातला जोड कमकुवत झालेला असू शकतो आणि तो लक्षात न येण्याची शक्यता असते, याकडे लक्ष वेधले. तेव्हा फक्त कीलचे बोल्ट पाहून भागत नाही. कीलच्या मागच्या टोकाजवळ आतल्या जाळीच्या कडेने बारीक भेगा आहेत का, जाळीवर ठोकल्यावर काही भाग पोकळ वाजतो का, बोट पट्ट्यांनी उचलली असता कील आणि हल यांच्यामधली फट उघडते का, हे पाहावे. बाहेरच्या फिलरला पुढच्या बाजूला पडलेली एखादी बारीक भेग एकटी असेल तर ती बहुधा फिलरचीच असते. पण बोट कधी आपटली होती हा इतिहास ठाऊक नसेल आणि आतली जाळी चिकटवलेल्या प्रकारची असेल, तर या एका मुद्द्यासाठी जाणत्या सर्व्हेअरला स्वतंत्रपणे बोलवायला पैसे खर्च करावेत. हे पैसे मी प्लॉटरच्या पैशांतून काढीन.

सुकाणूची तपासणी सोपी आणि दुर्लक्षित. बोट पाण्याबाहेर काढल्यावर काही दिवसांनीही सुकाणूच्या पात्याच्या खालच्या कडेतून पाणी ठिबकत असेल, तर आतल्या फोममध्ये पाणी आहे आणि पात्याला दांड्याशी जोडणाऱ्या पट्ट्यांच्या वेल्डिंगला गंज लागलेला असू शकतो. पाते हाताने धरून हलवताना दांडा स्थिर आणि पाते किंचित फिरते असे जाणवले, तर पाते उघडण्याला पर्याय नाही.

डोलकाठीच्या तारांबाबत दहा ते पंधरा वर्षांचा संकेत बहुतेक रिगर पाळतात आणि अनेक विमा कंपन्याही तोच धरतात. एकोणीस तंतूंच्या तारेतला एक तंतू तुटलेला दिसला तरी ती तार बदलायची, याबद्दल दुमत नाही. तारेपेक्षा तिच्या खालच्या टोकाचे दाबून बसवलेले टर्मिनल आधी जाते, कारण पाणी तारेवरून ओघळून त्यातच साचते. भिंगातून पाहिल्यास त्याच्या अंगावर उभी चीर दिसते. तारा किती जुन्या आहेत याची पावती नसेल तर त्या जुन्याच समजाव्यात. डोलकाठी खाली उतरवायचा खर्च एकदाच करायचा असल्याने वरची चाके, दिव्यांच्या वायरी, स्प्रेडरची (तारा बाजूला रेटणाऱ्या आडव्या दांड्यांची) मुळे आणि डोलकाठीचा पाया हे सगळे त्याच वेळी उरकावे. इथे सर्वांत जास्त वेळ खातो तो ॲल्युमिनियममध्ये रुतलेला स्टेनलेसचा स्क्रू. दोन धातूंमधल्या विद्युत-रासायनिक क्रियेने तयार झालेली पांढरी भुकटी आट्यांत ठासून बसलेली असते, आणि जोर लावला की डोके तुटते. उष्णता, भेदक तेल, पुन्हा उष्णता, मग हातोडीने ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, आणि या सगळ्याच्या मध्ये एक रात्र, असा त्याचा खरा क्रम आहे. ती रात्र वगळणारे लोक दुसऱ्या दिवशी ड्रिल आणि नवे आटे पाडण्याच्या खटपटीत असतात. परत बसवताना प्रत्येक स्क्रूला विलग करणारी पेस्ट लावावी, म्हणजे पुढच्या माणसाचे हाल वाचतात. पुढचा माणूस बहुधा आपणच असतो.

डेकच्या गाभ्याबद्दल आपण विचारले आहे की संपूर्ण डेक उघडावा का. माझे उत्तर नाही असे आहे. वरचा आणि खालचा काचतंतूचा थर आणि मधे बाल्सा लाकडाचे उभ्या रेषांचे ठोकळे, अशी ती रचना असते. ठोकळ्यांच्या आत पाणी आडवे सहजी पसरत नाही, पण ठोकळ्यांमधल्या फटी रेझिनने भरलेल्या नसतील तर त्या फटींतून ते दूरवर जाते. म्हणूनच गळती एका जागी आणि मऊपणा भलत्याच जागी आढळतो. ओलावा मोजणारे यंत्र इथे उपयोगी पडते, पण ते न्यायाधीश नव्हे : मागे धातू असला, टाकी असली किंवा वर तांब्याचा रंग असला तरी ते उंच आकडा दाखवते. प्लास्टिकच्या छोट्या हातोडीने ठोकत जाऊन आवाज कुठे बसतो ते पेन्सिलने आखावे, यंत्राच्या आकड्यांशी ताडून पाहावे, आणि शंका राहिली तर आतल्या बाजूने, वरच्या थराला धक्का न लावता, लहान भोक पाडून ड्रिलवर काय येते ते बघावे. कोरडे पांढरे लाकूड, ओले पण टणक लाकूड आणि तपकिरी चिखल, या तीन वेगळ्या अवस्था आहेत आणि त्यांचे तीन वेगळे निर्णय आहेत.

ओला पण टणक भाग, त्यावर मोठा भार नसेल, तर गळती बंद करून तसाच सोडता येतो. सफर त्यावाचून अडत नाही. चिखल झालेला भाग डोलकाठीच्या पायथ्याशी, चेनप्लेटजवळ, विंचखाली (दोर ओढायच्या चरखीखाली) किंवा नांगर उचलणाऱ्या विंडलासखाली असेल तर तो काढलाच पाहिजे. भोके पाडून त्यांतून पातळ एपॉक्सी ओतण्याचा सोपा मार्ग सुचवला जातो, पण ओल्या कुजलेल्या लाकडात एपॉक्सी शिरत नाही, फक्त भोकाभोवती गुठळी तयार होते. वरचा थर चौकोनात कापून जपून उचलावा, कुजके लाकूड टणक भाग लागेपर्यंत खरवडून काढावे, कडा वाळू द्याव्यात, नवा बाल्सा किंवा दाट फोम घट्ट केलेल्या एपॉक्सीत बसवावा आणि कापलेला थर परत चिकटवावा. जोडाच्या कडांना थराच्या जाडीच्या बारापट उतार द्यायचा. म्हणजे ४ मिलिमीटर जाडीला जवळजवळ ५० मिलिमीटर रुंदीचा उतार येतो, आणि हा उतार तासण्यातच ग्राइंडरचा निम्मा दिवस जातो. इथे घाई करून उभा जोड ठेवला तर त्या रेषेवर एखाद्या वर्षात भेग परत दिसते.

गाभा नवा असो वा जुना, डेकवरची प्रत्येक फिटिंग परत बसवताना एक गोष्ट न चुकता करावी. बोल्टपेक्षा मोठे भोक पाडून आजूबाजूचा गाभा काढावा, ती पोकळी घट्ट एपॉक्सीने भरावी, ती कडक झाल्यावर तिच्या मधोमध बोल्टचे भोक पाडावे आणि त्याच्या तोंडाला थोडा कोन द्यावा. मग सीलंट पुढेमागे निकामी झाले तरी पाणी गाभ्यात जात नाही, सरळ खाली केबिनमध्ये ठिबकते आणि आपल्याला कळते. सीलंट म्हणून अशा ठिकाणी मला ब्युटिल टेप सर्वांत आवडते, कारण ती कडक होत नाही आणि फिटिंग पुन्हा निघते. पॉलियुरेथेनचा चिवट प्रकार पुन्हा कधीही न काढायच्या जोडांसाठीच ठेवावा. सिलिकॉन मात्र डेकवर आणू नये. त्याचा अंश मागे राहिला की त्यावर पुढे ना रंग धरत ना दुसरे सीलंट.

तळावरच्या फोडांचा आपल्याला फार धसका बसलेला दिसतो. पॉलिएस्टरच्या थरांत पाणी शिरून हे फोड येतात. ते कुरूप असतात, पण नाण्याएवढ्या विखुरलेल्या फोडांमुळे बोट बुडाल्याचे उदाहरण शोधून सापडणार नाही. संपूर्ण जेलकोट (रेझिनचा सर्वांत बाहेरचा थर) सोलून, तळ महिनोन्महिने वाळवून, एपॉक्सीचे थर देणे हे काम एक हंगाम आणि बऱ्यापैकी रक्कम खाते. मोठे फोड उघडून, गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून भरावेत आणि पुढे निघावे. तळ घासताना जुन्या रंगाची धूळ मात्र गांभीर्याने घ्यावी. ट्रायब्युटिल टिन हे विषारी द्रव्य असलेल्या रंगांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये झाला आणि १७ सप्टेंबर २००८ पासून अमलात आला. चाळीस वर्षांच्या बोटीच्या तळाशी त्या काळातला थर असू शकतो. ओला सँडपेपर, चांगला श्वसनमुखवटा आणि खाली पसरलेले प्लास्टिक यांशिवाय हे काम करू नये.

इंजिन बदलावे का, हा प्रश्न पैशांच्या दृष्टीने सर्वांत मोठा आहे. थंड इंजिन काही सेकंदांत पकडत असेल, सर्व सिलिंडरांचे कॉम्प्रेशन जवळपास सारखे असेल, तेलात पाणी नसेल आणि भाराखाली धूर साफ असेल, तर वय हे ते बदलण्याचे कारण नाही. आपले ‘कशीबशी सुरू होते’ हे लक्षण आधी बॅटरीच्या तारा, स्टार्टरची जोडणी आणि इंधनाच्या नळीत शिरणारी हवा यांकडे बोट दाखवते. समुद्रावर जुने डिझेल इंजिन बंद पडते ते बहुतेक वेळा इंधनातल्या कचऱ्यामुळे. टाकीच्या तळाशी पाणी साचते, पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर बुरशी व जिवाणू वाढतात, आणि बंदरात शांत बसलेला तो गाळ पहिल्याच उसळत्या समुद्रात ढवळून फिल्टरमध्ये येतो. फिल्टर बदलत राहण्यापेक्षा टाकीला तपासणीचे झाकण बसवून आत हात घालून ती स्वच्छ करावी. त्यानंतर धुराच्या मार्गातला वाकडा पाइप, जिथे समुद्राचे पाणी धुरात मिसळते, तो काढून पाहावा. बाहेरून धड दिसणारा पाइप काजळीने बोटभर भोक राहीपर्यंत बुजलेला आढळतो, आणि मग इंजिन दमते याचे खापर उगाच इंजेक्टरवर फुटते. इंजिन पाण्याच्या रेषेच्या आसपास किंवा खाली बसवलेले असेल तर थंड करणाऱ्या पाण्याच्या नळीत सायफन तोडणारा व्हॉल्व्ह आहे ना आणि तो मिठाने बुजलेला नाही ना, हेही बघावे. नाहीतर बंद इंजिनात सायफनने पाणी भरते. शाफ्टची (इंजिनापासून पंख्याकडे जाणाऱ्या दांड्याची) जुळवणी बोट पाण्यात उतरल्यावर आणि काही दिवस स्थिरावल्यावरच करायची, कारण जमिनीवर टेकलेल्या हलचा आकार किंचित वेगळा असतो. १०० मिलिमीटरच्या कपलिंगला फीलर गेजने मोजलेला फरक ०.१ मिलिमीटरच्या आत आला की पुरे.

वायरिंगची दुरुस्ती करत बसू नये, एकेक सर्किट नवे ओढावे. जुन्या, कथिलाचा मुलामा नसलेल्या तारेचे टोक सोलले की तांबे आतपर्यंत काळे निघते, आणि त्या काळ्या तांब्यावर नवे टर्मिनल दाबून काही उपयोग नसतो. जाडी ठरवताना अंदाजावर जाऊ नये. स्वयंचलित सुकाणूला १० अँपिअर लागतात आणि ते बॅटरीपासून ६ मीटरवर आहे असे धरू. जाऊन-येऊन १२ मीटर तार झाली. २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत तिथे ०.८४ व्होल्ट गळतात, म्हणजे बारा व्होल्टचे ७ टक्के. ६ चौरस मिलिमीटरची तार घेतली की ही घट ३ टक्क्यांच्या आत येते, आणि अशा महत्त्वाच्या उपकरणांसाठी अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलचे मानक हीच मर्यादा सांगते. मुख्य फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, कारण फ्यूजच्या अलीकडची तार कुठे घासली तर तिला थांबवणारे काहीच नसते. आधीच्या मालकांनी सोडून दिलेल्या मृत वायरी काढून टाकायला एक दिवस द्या. त्या दिवसानंतर उरलेले वायरिंग पहिल्यांदाच समजू लागते. गॅसच्या शेगडीबाबतही याच गटात विचार करावा : स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला तर बिल्जमध्ये साचतो, म्हणून सिलिंडरचा कप्पा आतल्या बाजूने बंद आणि बाहेर निचरा होणारा हवा, आणि रबरी नळीवरची तारीख उलटलेली नसावी.

चिडचिडीचा एक मोठा भाग रसायनांच्या वेळापत्रकातून येतो, आणि तो टाळता येण्याजोगा आहे. पॉलिएस्टरवर एपॉक्सी चांगले धरते, एपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही. म्हणून एखाद्या जागी एपॉक्सी वापरले की वरचा थरही त्याच कुळातला किंवा रंगाचा ठेवावा, जेलकोटचा हट्ट सोडावा. थंडीत एपॉक्सी लवकर घट्ट व्हावे म्हणून हार्डनर जास्त घालणारे लोक मी अजूनही पाहतो. त्याने ते लवकर घट्ट होत नाही, कायमचे मऊ राहते. दमट हवेत काही एपॉक्सींवर मेणचट पापुद्रा येतो, तो सॉल्व्हंटने नव्हे तर साध्या पाण्याने आणि खरखरीत पॅडने निघतो, आणि तो न काढता घासले तर सँडपेपर भरतो आणि पुढचा थर सुटतो. हवामान अनुकूल नसलेले दिवस सुटे भाग घरी किंवा शेडमध्ये दुरुस्त करण्यासाठी राखून ठेवावेत.

सुटे भाग मिळत नाहीत ही तक्रार खरी आहे. ज्यांनी ते बनवले ते कारखाने बंद झाले, आटे इंचाच्या मापाचे निघतात आणि दुकानात सगळे मेट्रिक. इथे एक सल्ला आहे : जुना तुकडा, कितीही मोडका असला, नवा हातात येऊन बसेपर्यंत फेकू नये. टर्नरला तोच नमुना लागतो. आणि एखादी दुर्मीळ विंच जिवंत ठेवण्यासाठी पैसा आणि शोध यांचा खर्च नव्या साध्या विंचच्या पुढे गेला, तर जुनीचा मोह सोडावा.

आता आपल्याच बोटीबद्दल. ती दोन हंगाम जमिनीवर असणे हे मला सगळ्यांत जास्त खटकते. पाण्याच्या रेषेखालची कामे, म्हणजे सीकॉक, सुकाणू, कीलची तपासणी, शाफ्टचे बेअरिंग आणि तळाचा रंग, एवढीच जमिनीवर करावी लागतात. ती सलग उरकावीत, डोलकाठी त्याच दरम्यान उतरवून चेनप्लेट आणि त्यांच्याभोवतीचा डेक पुरा करावा, आणि केबिन अर्धवट, पुढचा डेक ओला पण टणक, विंडलास हाताने चालणारे, अशा अवस्थेत बोट पाण्यात सोडावी. उरलेली यादी दोन भागांत फाडावी : जिच्यावाचून निघता येत नाही ती, आणि जी पहिल्या मोठ्या मुक्कामावर करता येईल ती. गाद्या, वार्निश, गरम पाणी, तळावरचे बारीक फोड, खिडक्यांच्या धुरकट काचा दुसऱ्या भागात जातात. गळणाऱ्या किंवा तडे गेलेल्या काचा पहिल्या.

बोट विकून टाकावी का, हेही आपण दबक्या आवाजात विचारले आहे. कीलची जाळी सुटलेली, डेकचा मोठा भाग चिखल झालेला आणि बल्कहेड कुजलेले, असे तिन्ही एकत्र निघाले तर मी विकण्याच्या बाजूने असेन, आणि आजवर झालेला खर्च त्या हिशेबात धरणार नाही. तुलना फक्त इथून पुढच्या खर्चाची आणि त्याच रकमेत मिळणाऱ्या दुसऱ्या बोटीची करायची. आपल्या वर्णनात यांतले एकही निश्चित झालेले नाही. कीलची तपासणी होईपर्यंत हा निर्णय पुढे ढकलावा आणि तोवर केबिनमधल्या कामांवर एकही पैसा घालू नये.

पाण्यात उतरल्यावर पहिल्या काही फेऱ्या बंदरापासून अर्ध्या दिवसाच्या अंतरात, आणि मुद्दाम वाऱ्याच्या विरुद्ध, लाटांमध्ये कराव्यात. नव्या तारा सुरुवातीला किंचित ताणल्या जातात, म्हणून पहिल्या फेरीनंतर आणि पुन्हा काही फेऱ्यांनंतर त्या आवळाव्या लागतात. प्रत्येक तासाला एकाने खाली जाऊन सीकॉक, शाफ्टचे ग्रंथीजोड (शाफ्ट हलमधून बाहेर पडतो तिथले पाणी अडवणारे जोड) आणि चेनप्लेटच्या आतल्या बाजू हाताने चाचपाव्यात. शाफ्ट फिरत असताना जुन्या पद्धतीच्या ग्रंथीतून मिनिटाला दोन-चार थेंब पडणे ठीक, पण ती हाताला चटका देण्याइतकी तापता कामा नये. बिल्जमध्ये पाणी दिसले तर पंप चालू करण्याआधी त्यात हाताचे बोट बुडवून जिभेला लावून पाहावे. डिझेलचा वास येत असेल तर अर्थातच नको. पाणी गोडे असेल तर टाकी, तिची नळी किंवा डेकवरून आलेला पाऊस एवढ्यातच शोधायचे असते आणि ते संध्याकाळपर्यंत थांबू शकते. खारे असेल तर आधी सगळे सीकॉक एकेक करून बंद करत जायचे आणि कोणता बंद केल्यावर पातळी वाढायची थांबते ते पाहायचे.